टॉवेल निघेपर्यंत

आमच्या शेजारच्या बगीचेकाकांकडे आलेल्या पाहुण्याला चहाचा कप खाली ठेवायचीही उसंत मिळत नसे. शेवटचा घोट पोटात जायच्या आत काका चपला घालून दारात उभे. "चला, नागपुरात येऊन बगीचे नाही पाहिले, त काय पाहिलं?"

खरं कारण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. काकूंचे गुडघे गेले होते. पाहुणा घरात बसला की त्या दिवसभर ओट्याशी उभ्या राहत, भजी काय, पुरणपोळ्या काय, आणि मग भिंत धरून चालत. बस म्हटलं तर ऐकत नसत. तेव्हा काकांनी पाहुणाच घराबाहेर काढायचा मार्ग पत्करला.

सकाळी अंबाझरी, मग महाराजबाग, ऊन चढलं की गुलाबांची बाग, शेवटी फुटाळा तलाव. जेवण वाटेत कुठेतरी. प्रत्येक झाडावरची पाटी काका मोठ्याने वाचत, कारण त्यात वेळ जातो. महाराजबागेतल्या प्राणिसंग्रहालयात वाघ झोपलेला असला तर विशेष खूश. "उठू द्या त्याले. आपल्याले कोनती घाई आहे?" एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणा अन् वाघ, दोघंही खाऊन लोळतात. फरक येवढाच का वाघाले पिंजरा असते."

परत आल्यावर ते आधी फाटकातूनच वर पाहत. काकू दुपारी आडव्या झाल्या की गॅलरीत पिवळा टॉवेल टाकत आणि उठल्यावर काढत, असं दोघांचं ठरलेलं. टॉवेल दिसला की काका कपाळावर हात मारत, "अरे बाप्पा, एक बगीचा राहिलाच की!" एका मे महिन्यात त्यांच्या अकोल्याच्या मेहुण्याने फाटकच धरून ठेवलं. "भाऊजी, मोर पाहिले, माकडं पाहिली, आता मले फक्त पंखा दाखवा!" काकांनी त्याला ऑटोत कोंबून पुन्हा तलावावर नेलं. नातेवाइकांत ते पक्के कंजूष ठरले. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. नंतर पाहुणे दिवस दिवस घरात बसत, काका त्यांना स्वतः चहा करून देत आणि बगीच्याचं नावही काढत नसत. मला ते बघवत नव्हतं. शेवटी मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला.

परवा त्यांचा फोन आला. "इथले बगीचेही चांगले आहेत गा. सुनेचे दिवस भरत आले, म्हणून पोरगा सुट्टी घेऊन मले रोज फिरवून राहिला. झाडावरच्या पाट्याही तोच वाचून दाखवते."

"थकत नाही का, काका?"

"थकतो ना. काल दुपारी परत आलो, त पोरगा फाटकातून वर पाहून राहिला. मीही पाहिलं. गॅलरीत टॉवेल होता."

काका मग म्हणाले, "त मीच म्हनलं त्याले, अरे बाप्पा, एक बगीचा राहिलाच की."