नोट्स देणार नाही

मी भौतिकशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नव्याने मुलाखत, आणि नेमणूक प्राचार्यांच्या मर्जीवर. धानपट्ट्यातल्या एका कॉलेजात मी होते. तिथे सगळे नोट्स सांगायचे आणि पोरं मान खाली घालून लिहून घ्यायची. मला त्याचा मनस्वी संताप यायचा. मी स्वतः तशीच शिकले होते, त्यामुळे लिहिणाऱ्या हाताला डोकं लागत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी नोट्स बंद केल्या. फळ्यावर एक प्रश्न आणि तीन उत्तरं लिहायची. जे उत्तर पटेल त्याच्या नंबराइतकी बोटं ज्याने त्याने वर करायची. पहिल्याच दिवशी पचका झाला. अख्खा वर्ग पहिल्या बाकावरच्या, बारावीत तालुक्यात पहिल्या आलेल्या पोरीकडे बघत राहिला आणि तिने बोटं उचलल्यावर सगळ्यांनी तेवढीच उचलली. मग मी डोळे मिटायला लावले, बोटं छातीशी धरायला सांगितली. आता कोणाला काय वाटतं ते खरं कळू लागलं. वेगवेगळी उत्तरं देणाऱ्यांना शेजारी बसवायचं, एकमेकांना पटवून द्यायला सांगायचं, घरच्या बोलीत भांडले तरी चालेल. शेवटी मी समजावून सांगायचं.

नेमके डोळे मिटलेले असताना प्राचार्य व्हरांड्यातून गेले. त्यांना वाटलं, मी वर्गाला ध्यानाला बसवलंय. केबिनमध्ये बोलावून हे कोणत्या पंथाचं चाललंय म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, तुमची तक्रार आली आहे, मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात. तक्रार केली होती पहिल्या बाकावरच्या त्याच पोरीने. शेजारणीशी वाद घालताना आता तिचीही चूक उघडी पडायची, तिचं चिडणं मला कळत होतं. नोट्स सुरू करा, नाहीतर जूनमध्ये बघू, असा दम मिळाला. मी होकार दिला नाही.

आठवड्याने ते वर्गातच येऊन मागे बसले. मी मुद्दाम अवघड प्रश्न घेतला. बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, डोंगा, त्या होडक्यात मोठा गोटा. गोटा पाण्यात टाकला तर बोडीचं पाणी चढेल, उतरेल की तेवढंच राहील? जवळपास सगळ्यांचं मत, चढेल. चामोर्शीच्या बसने येणारी, वर्षभर तोंड न उघडलेली एक पोरगी मात्र उतरेल म्हणत होती. मी तिला उठवून पहिल्या बाकावर, तालुक्यात पहिल्या आलेल्या पोरीशेजारी नेऊन बसवलं.

ती आधी पुटपुटली, मग तिचा आवाज चढला. "गोटा डोंग्यात असतानी आपल्या वजनाएवढं पानी सरकवते. बुडाला का त्याले फक्त आपल्यापुरती जागा लागते. मंग पानी उतरंल नाई तं काय?"

 पहिल्या बाकावरच्या पोरीने जेवणाच्या डब्यात पाणी ओतलं, त्यात चटणीची डबी तरंगवली आणि कोणाला तरी खडा आणायला पिटाळलं. वर्ग भोवती जमला. मागून प्राचार्य म्हणाले की मॅडम, वेळ जातोय, उत्तर सांगून टाका, लिहून घेतील.

माझ्याआधी ती तक्रारवालीच बोलली, डब्यावरची नजर न हलवता. "थांबा ना सर. सांगू नका."

इतकी खूश मी पगार झाल्यावरही कधी झाले नव्हते.

जूनच्या मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, नोट्स देणार का. मी म्हटलं, "नाही. लिहून देणारं माणूस हवं असेल तर दुसरं बघा."

त्यांनी बघितलं. मला वाईट वाटलं, रागही आला, काही दिवस धड जेवण गेलं नाही. पण पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन. आता मी पोंभुर्ण्याला जाते, तिथेही तासिकाच.

परवा जुन्या कॉलेजातले एक सहकारी भेटले. नवे सर नोट्स सांगतात म्हणे, आणि त्या दोघी आता एकाच बाकावर बसून त्यांना सारखं 'का' विचारून थांबवतात, "काऊन, सर?" त्यांचं सांगणं पुढे सरकत नाही, म्हणून यंदा प्राचार्यांकडे तक्रार सरांनीच केली आहे.