पानावर वाढलेली गोळी

गेल्या चवथीला मी आमच्या घराण्यातल्या सव्वीस माणसांवर एकाच पंगतीत विषप्रयोग केला, असं आमची आत्या पेडणे तालुकाभर सांगत फिरते. हे साफ खोटं आहे. माणसं पंचवीस होती, आणि त्या पंचविसांत मीही होतो.

सुरुवात झाली वास्कोला. माझा चुलतभाऊ सुरेश मुरगाव बंदरात नोकरीला आहे. श्रावणात त्याच्या छातीत कळ आली. वेळेवर इस्पितळात नेला, हृदयाच्या शिरेत स्प्रिंग बसवली आणि आठवड्याभरात तो घरी येऊन टीव्हीसमोर बसला. मी सफरचंदं घेऊन भेटायला गेलो. त्याला काही ती खावीशी वाटेनात, म्हणून मीच एकेक संपवत त्याची फाइल वाचायला घेतली. फाइल वाचायचा मला अधिकार आहे. डिचोलीच्या एका हायस्कुलात तीस वर्षं मी प्रयोगशाळा सांभाळतो. (म्हणजे टेस्ट ट्यूब धुतो. पण धुता धुता थोडंफार ज्ञान अंगाला लागतंच!)

फाइलीत एक नाव सापडलं. अस्पिरिन, लहान डोस, रोज एक, जेवणानंतर.

"ही कसली रे?" मी विचारलं.

"रक्ताची गुठळी जावची नाय म्हणून," सुरेश म्हणाला. "दुसरो अटॅक येवक नको."

घरी परतताना बसमध्ये माझं डोकं चालू लागलं. (माझं डोकं चालू लागलं की आमची ही देवाला निरांजन लावते.) जी गोळी दुसरा अटॅक अडवते, ती आधीच घेऊन ठेवली तर पहिला तरी कशाला येईल? इतकी सरळ गोष्ट त्या एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांच्या लक्षात येऊ नये, याचं मला वाईट वाटलं. डिचोलीला उतरलो तो थेट औषधाच्या दुकानात. दुकानदाराने चिठ्ठी मागितली. "घरी राहिली," मी म्हणालो. माझ्या चेहऱ्यावरचं तेज बघून त्याने गोळ्या दिल्या असाव्यात.

शास्त्राच्या माणसाने प्रयोग आधी स्वतःवर करावा. तीन आठवडे मी रोज एक गोळी घेतली. काहीही झालं नाही. (झालं होतं. पण ते मागाहून कळलं.) प्रयोग यशस्वी झाल्यावर प्रश्न उरला तो घराण्याच्या कल्याणाचा. आणि अख्खं घराणं एका जागी सापडतं ते फक्त चवथीला.

आमचा गणपती हळर्णला मूळ घरी असतो. तिथे थोरला भाऊ राहतो, त्याला आम्ही दादा म्हणतो. आणि त्याच्यावर राज्य करायला आमची आत्या राहते. वय चौऱ्याहत्तर, जुना दमा, आणि आवाज असा की शेतातली माकडं झाड बदलतात. आत्याचा एक कायदा आहे: चवथीच्या पंगतीत पानावर जे वाढलं ते पोटात गेलं पाहिजे. देवाला दाखवलेला नैवेद्य टाकायचा नाही. मिठाचा कणसुद्धा नाही. जेवण झाल्यावर ती पंगतीतून फिरते आणि पानं तपासते. एकदा एका जावयाने कारल्याची फोड पानाखाली सरकवली होती. त्याला पुढची चार वर्षं आत्याने फक्त कारलं वाढलं.

तर हा कायदा माझ्या कामाला आला! गोळी हातात दिली तर हजार प्रश्न येणार. तीच नैवेद्याच्या पानावरून आली, तर कोणाची छाती आहे नाही म्हणायची? म्हणून चवथीच्या दुपारी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली जाऊन मी केळीच्या पानाच्या तुकड्यावर गोळ्या मांडल्या आणि वर तुळशीचं पान ठेवलं. तेवढ्यात ही आली.

"काय करतात ह्या तुमी?"

"निवेद दाखयतंय."

"गोळ्यांचो?"

"गणपती काय निसते मोदकच खाता?"

तिने माझ्याकडे आणि नंतर गणपतीकडे बघितलं. मला वाटतं, तिने माझ्या वतीने माफी मागितली.

पंगत बसली. पुरुषमाणसांनी वाढायचं, ही आमच्याकडची रीत. मीठ दादाने वाढलं, लोणचं पुतण्याने, आणि त्यांच्या मागून कुलेराने (चमच्याने) एकेक गोळी वाढत मी. पोरांची पानं तेवढी वगळली. मुलांना देऊ नये, हे पाकिटावरच लिहिलेलं असतं. (पाकिटावर आणखीही बरंच लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षरात होतं आणि माझा चष्मा डिचोलीला होता.)

"ह्या काय?" दादाने विचारलं.

"हृदयाची गोळी. अटॅक येवचो नाय."

"माका नको."

"देवाक दाखयलंय."

दादाचा चेहरा पडला. "मेल्या, देवाक दाखयलंस? आता टाकूची पण सोय नाय ठेवलंस!"

पंक्तीच्या टोकाला बसलेल्या आत्याने आवाज दिला, "पानार इला ना? मगे गुमान खावा!"

खतखतं झालं, वडे झाले, नेवऱ्या झाल्या. पानं लख्ख! आत्या तपासून गेली आणि समाधानाने ढेकर देऊन पडवीत बसली. दादाने पानं गोळा करून गोठ्यात गायीला घातली. मी तृप्त मनाने बांकावर आडवा झालो. घराण्याची पंचवीस हृदयं मी एका फटक्यात सुरक्षित केली होती.

अडीचच्या सुमारास दादाची मुलगी श्रुती आली. ती डॉक्टरकी पास होऊन इस्पितळात इंटर्न आहे, म्हणून ड्यूटी आटपून उशिरा पोचली. गणपतीला नमस्कार करायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. पाटाखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती.

"काका, ह्यो गोळ्यो कोणी खाल्ल्यो?"

"सगळ्यांनी!" मी अभिमानाने म्हणालो.

"सगळ्यांनी? ही काय बडीशेप आसा?"

"अगो, सुरेशाक दिली ना डॉक्टरान..."

"सुरेशकाकाक तपासून दिली! पोट बगला, दमो बगलो, बाकीची औषधां बगली, मगे दिली. तेणा ती आपल्या मनान बंद करूची नाय, आनी तुमी आपल्या मनान सुरू करूची नाय. ज्येका काय झालाच नाय, तेका फायदो होयत नायतर नाय होयत, पण रक्त व्हावूचो धोको खरो. पोटात, नायतर डोक्यात!"

मी हळूच डोकं चाचपून पाहिलं. ते कोरडं होतं. पण श्रुतीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, ती पडवीकडे बघत होती.

"आजीक दमो आसा. दम्याच्या काय काय माणसांक ह्या गोळयेन श्वास अडकता. आजी, तू खाल्लंस?"

"खाल्लंय तर!" आत्या म्हणाली. "पानार वाढलेला मी कधी टाकलंय?"

आणि ती खोकली. साधाच खोकला असेल. पण हिच्याच मांडीवर बसून मी पाढे शिकलो आणि हिलाच मी नैवेद्य दाखवून मारली, असं काहीतरी मनात आलं. घरात धावाधाव सुरू झाली. कोणी पंप आणला, कोणी पाणी आणलं, पुतण्या गाडी काढायला धावला. श्रुती नाडी धरून बाकीच्यांना विचारू लागली, "तुमी? तुमी खाल्ल्यात?" आत्या समोर बसलेली. कोण नाही म्हणणार? प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगत होता, "खाल्लंय."

तेवढ्यात दादा गोठ्याकडून धापा टाकत आला. "श्रुती, गायीक काय जावचा नाय मगे?"

"गायीक कित्या जातला? गोळ्यो तुमी खाल्ल्यात ना? मगे गायीच्या पोटात खयसून जातल्यो?"

आत्याने सावकाश मान वळवून दादाकडे पाहिलं.

"निसता इचारलंय," दादा म्हणाला, आणि परत गोठ्याकडे गेला. तिकडून त्याचं जनावरांच्या डॉक्टराशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं. "नाय हो, छातीत दुखता काय ता ती सांगणा नाय! गाय ती!"

आत्याला गाडीत बसवलं. श्रुती म्हणाली, "आजी, आता म्हापशाक जावया. थय तुका सुई लायतले, रातभर ठेवतले."

"सुई?" आत्या दचकली. "नाकातसून नळी पण घालतले?"

"गरज पडली तर."

आत्याने एकदा घराकडे पाहिलं, एकदा देवघराच्या दिशेने हात जोडले. मग अंबाड्यात बोटं घालून अबोलीच्या वळेसराच्या आतून एक पांढरी गोळी बाहेर काढली.

"ही बग. देवाचो परसाद डोक्यार धरलंय! टाकूक नाय!"

कायद्यात इतकी सोय असते, हे कळल्यावर सगळ्या घराण्याचा जीव भांड्यात पडला आणि कबुलीजबाबांचा पूर लोटला. दादाने गोळी पानाच्या देठाखाली खोचली होती. वहिनीने खिरीच्या वाटीत बुडवली होती. पुतण्याने ती बोल्सात घातली होती. (हा आमच्याकडे खिसा.) त्या कारल्याच्या जावयाने ती चक्क शेजाऱ्याच्या पानावर सरकवली होती, आणि शेजाऱ्याने दोन्ही गायीसाठी पाठवल्या होत्या. हिने तर माझ्यासमोर पाणी पिऊन गिळल्याचं नाटक केलं होतं. तीस वर्षांचा संसार, आणि बायको अशी अभिनेत्री आहे हे मला त्या दिवशी कळलं!

श्रुतीने बोटांवर मोजलं. चोवीस.

"काका, तुमी?"

"मी खाल्लंय!" घराण्यात एक तरी खरा माणूस आहे, हे दाखवायला मी छाती पुढे काढली. "दोन खाल्लंय. लोकांक उदाहरण म्हणून."

"निसत्यो आजच?"

"तीन आठवडे. रोज."

श्रुती माझ्याकडे अशी चालत आली की मी एक पाऊल मागे सरकलो.

"दुसरी कसली गोळी घेतात?"

"गुडघ्याची," ही म्हणाली. "दुखण्याची. दिसाक दोन."

"पोटात कधी अल्सर झाल्लो?"

"दहा वर्षां आदी. ल्हानसो."

"आनी सांजेक पेग घेतात?"

"व्हय!" याचं उत्तर सगळ्या पडवीने एका सुरात दिलं. इतकी एकी आमच्यात आरतीलाही नसते.

"चक्कर येता?"

"शाळेचो जिनो उंच आसा."

"परसाकडे काळी जाता?"

भर चवथीला, पंचवीस माणसांसमोर, गणपती बघत असताना! मी आवाज शक्य तितका खाली आणला. "काळ्या वाटाण्यांचा सांबारा खाल्लेला."

"तीन आठवड्यांत वाटाणे मी एकदाच केलेले," ही म्हणाली.

त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. आतल्या आत रक्त वाहत होतं, आणि मी त्याच्यावर वाटाण्यांचं लेबल चिकटवून तीन आठवडे मिरवत होतो. गाडी तयारच होती. आत्याला खाली उतरवलं आणि तिच्या गरम जागेवर मला बसवलं. दुसऱ्या दारातून आत्या परत आत चढली. हळर्णहून म्हापशापर्यंत तिने माझा हात सोडला नाही. एका दमात "गप रव बाबा, काय जावचा नाय तुका" म्हणायची आणि दुसऱ्या दमात माझ्या अकलेचा उद्धार करायची. दमेकरी बाईला एवढा दम कुठून आला, कोण जाणे.

इस्पितळात तोंडातून कॅमेऱ्याची नळी घातली. पोटात जखम होती आणि ती गळत होती. ती बंद केली, रक्ताची एक बाटली चढवली. गुडघ्याची गोळी, अस्पिरिन आणि सांजेची घेणं, तिन्ही त्याच दिवशी बंद झालं. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी वेगळा उपाय दिला आणि सुरेशला फोनवरून निरोप पाठवला की घाबरून आपली गोळी सोडू नकोस, तुला ती लागतेच.

तिसऱ्या दिवशी मी उशीला टेकून बसलो असताना डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. (त्यांचे खांदे हलत होते.) शेवटी म्हणाले, "तुमच्या पंगतीत ही गोळी अजिबात घ्यायला नको होती असा माणूस शोधायचा झाला असता, तर मी सगळ्यात आधी तुम्हालाच निवडलं असतं."

एवढ्या मोठ्या घराण्याच्या भल्यासाठी मी झटलो, देवाला मध्ये घातलं, स्वतःच्या हाताने वाढलं. आणि पंचवीस माणसांत माझा सल्ला मानणारा मूर्ख एकच निघाला. चार दिवस तो म्हापशाला पेज पीत पडला होता.