डावीकडे जड

गाडीचं स्टिअरिंग दुरुस्त झालं की मिस्त्री ते एका करंगळीने फिरवून दाखवायचा. गाडी जागच्या जागी उभी, इंजिन चालू, बाकीची चार बोटं ऐटीत वर, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत गरागरा. गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत राहायचं. त्यावरून त्याचं नाव करंगळीमिस्त्री पडलं. "काय लावलंय करंगळी करंगळी," म्हणून तो वरवर कुरकुरायचा, पण हे नाव त्याला मनापासून आवडायचं. जरा भाव खायची सवयच होती त्याला.

आणखी एक सवय होती. गिऱ्हाइकाचं तो ऐकून घेत नसे. कुणी "मिस्त्री, वळताना असं होतं बघा" म्हणून सुरुवात केली की हा हात वर करायचा. "तुम्ही जरा चहा घेऊन या. काय होतंय ते गाडीलाच विचारतो." मग स्वतः बसायचा, स्वतः फिरवायचा, स्वतःच खाली वाकून बघायचा. माणूस वाढवून सांगतो, गाडी नाही, असं त्याचं म्हणणं. वीस वर्षं त्याचं हे म्हणणं खरं ठरत आलं होतं.

त्याची ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. शाळेच्या शर्टाची बटणं लावून देण्यापासून ते पुढे गिअर टाकायला शिकवण्यापर्यंत त्याचं सगळं तिनेच केलं. लग्नबिग्न करायचं राहूनच गेलं तिचं. विचारलं तर म्हणायची, "एक पोरगं वाढवलं, हौस फिटली." पुढे तिने रोपवाटिका काढली आणि एक पिकअप घेतली. खताचं पोतं एकटी उचलून मागच्या हौद्यात टाकायची. रोपं घेऊन दिवसभर गावोगाव हिंडायची. घरात बसवलं तर दोन दिवसांत जीव जाईल, अशी बाई.

तर ही ताई एका सकाळी गॅरेजात आली. "धाकट्या, स्टिअरिंग जड झालंय रे."

त्याने बॉनेट उघडलं. स्टिअरिंगचं तेल काळं झालेलं, पातळीही खाली. पंपाचा पट्टा इतका सैल की स्टिअरिंग टोकाला नेलं की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडायचा. "रोपांना वेळेवर पाजतेस, गाडीला नाही होय?" म्हणून त्याने तिला चार शब्द सुनावले. पट्टा नवा टाकला, तेल बदललं, हवा काढली आणि करंगळी फिरवून दाखवली. ताई म्हणाली, "हं, बरं आहे." आणि गेली.

दीड महिन्याने परत. "जडच लागतंय रे."

या वेळी पुढच्या टायरांत हवा कमी निघाली. शिवाय स्टिअरिंगच्या दांड्याला खाली जो क्रॉस, म्हणजे फिरता सांधा असतो, तो गंजून आखडला होता. त्याने तो बदलला. दोन्ही वेळा खराखुरा बिघाड सापडला, हेच तर वाईट झालं. काहीच सापडलं नसतं तर कदाचित त्याने दुसरीकडे बघितलं असतं.

त्याच दिवशी त्याला ताईच्या किल्लीत एक लाकडी खुंटी अडकवलेली दिसली. किल्लीच्या भोकातून आरपार, चांगली वीतभर.

"हे काय?"

"फिरवायला सोपं पडतं."

"डोकं चालवलंस की!" तो हसत म्हणाला आणि किल्ली तिच्या हातात दिली. दाराच्या आतल्या कडीलाही तिने सुतळीचा फास बांधला होता. तोही त्याने पाहिला. पाहून सोडून दिला.

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "डावीकडे वळतानाच जड लागतं. उजवीकडे ठीक आहे."

हे ऐकून मिस्त्रीला चेवच आला. एकाच बाजूला जड म्हणजे पंप निर्दोष, दोष थेट चाकं वळवणाऱ्या खालच्या रॅकमध्ये, त्यातल्या तेल वळवणाऱ्या झडपेत. अशी केस वर्षातून एखादी येते. त्याने तेलाच्या नळीला दाब मोजायचं गेज लावलं. डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. काटा दोन्हीकडे अगदी सारखा चढला. गाडी स्पष्ट सांगत होती की मला काही झालेलं नाही. पण जन्मभर गाडीचंच ऐकणाऱ्या माणसाने नेमकं त्या दिवशी ऐकलं नाही. दोन दिवस खपून त्याने अख्खा रॅक बदलला.

ताई बसली. डावीकडे फिरवलं, थांबली, खांदा पुढे घेऊन परत फिरवलं. "अजून तसंच आहे रे."

शेजारचा वेल्डर बघत होता, दोन गिऱ्हाइकं बघत होती. मिस्त्रीचं नाक कापल्यासारखं झालं. त्याने खिडकीतून हात घालून करंगळीने स्टिअरिंग फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, गाडी तरुण झाली गं, तूच म्हातारी झालीस!"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. "असेल बाबा," म्हणाली आणि गाडी घेऊन निघून गेली. त्यानंतर पाच महिने तिने स्टिअरिंगचं नाव काढलं नाही.

मग एक दिवस दुपारी तिचा फोन आला. रोपवाटिकेच्या फाटकाला गाडी घासली होती. डावीकडच्या वळणावर.

तो गेला. पत्रा चेपला होता, एक दिवा फुटला होता, ताईला खरचटलंही नव्हतं. "चल, मागे घे बघू," म्हणत तो बाजूच्या सीटवर बसला. गेल्या कित्येक वर्षांत ताई गाडी चालवत असताना तो असा शेजारी बसलाच नव्हता. तिने दोन्ही हातांनी खुंटी धरून किल्ली फिरवली. मग डावीकडे वळवायला उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, आणि तो हात घसरला. परत ठेवला, परत घसरला. अंगठा धरतच नव्हता. अंगठा आणि पहिल्या बोटामधलं मांस, जिथे तिचा हात सगळ्यात भरलेला असायचा, तिथे खळगा पडला होता. मनगटाची हाडं वर आली होती.

"ताई, हात दाखव."

"हाताला काय झालंय? स्टिअरिंगच—"

"दाखव म्हणतो ना."

इस्पितळात निघताना तिच्या बाहीचं बटण उघडं होतं. "राहू दे, हल्ली उघडंच ठेवते," ती म्हणाली. त्याने ते लावून दिलं. बाहीवर त्याच्या ग्रीसच्या बोटांचा काळा ठसा उमटला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ताईच्या तळव्यावर आपला तळवा ठेवला. "ढकला मला. अजून जोर लावा." मग डावा हात. मग परत उजवा. तार लावून तपासण्या झाल्या, आठवडाभराने निदान आलं. नसांचा आजार. स्नायू वाळत जाणार. आधी हात, मग बाकीचं. थांबवणारं औषध नाही.

"त्रास कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

ताईने धाकट्याकडे एकदा पाहिलं. "एवढ्यातच सुरू झालंय," ती म्हणाली.

"अकरा महिने झाले," मिस्त्री म्हणाला. "मला तीनदा सांगितलं तिने. तीनदा."

"आधी कळलं असतं तरी आजार थांबला नसता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "औषधाने थोडे महिने वाढले असते, कदाचित."

तो कॉरिडॉरमध्ये गेला आणि भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला.

गाडी आता गॅरेजातच होती. पत्रा सरळ झाला, दिवा लागला. ताई रोज फोनवर विचारायची, "झाली का रे? एकदा चालवून बघते." तो "होतेय" म्हणायचा. गाडीत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते ताईला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. शेवटी एका सकाळी त्याने वेल्डरला तिला घेऊन यायला सांगितलं. ती यायच्या आत त्याने जॅक लावला, पिकअपची पुढची बाजू वीतभर उचलून स्टँडवर टेकवली आणि हँडब्रेक ओढला. चाकं जमिनीला लागलीच नाहीत तर फिरवायला काय जोर लागतो? लाकडाच्या फळ्या उभ्या करून स्टँड झाकले. एवढी लबाडी त्याने कुठल्याही गिऱ्हाइकाशी केली नव्हती.

ताईला त्याने उचलूनच आत बसवलं. किती हलकी झाली होती. इंजिन त्यानेच चालू केलं. तिने दोन्ही तळवे स्टिअरिंगवर ठेवले. बोटं वळत नव्हती, नुसते तळवे. मग डावीकडे फिरवलं.

स्टिअरिंग फिरलं. फिरत फिरत टोकाला गेलं. ताईचा चेहरा उजळला. उजवीकडे नेलं, परत डावीकडे. चार वेळा, पाच वेळा. मिस्त्री खिडकीशी उभा होता. स्टिअरिंगकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो तिच्या हातांकडे बघत होता.

मग ताई थांबली. तिने समोरच्या काचेतून पाहिलं, खिडकीतून खाली जमिनीकडे पाहिलं. तीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईला आपण नेहमीपेक्षा वीतभर उंच बसलोय, हे कळणार नाही होय? फळ्यांवर तिची नजर जरा वेळ थांबली. मिस्त्रीने मान खाली घातली.

"धाकट्या," ती म्हणाली, "हलकं झालं रे. आता कसलीच तक्रार नाही."

आणि तिने पुन्हा एकदा, सावकाश, डावीकडे वळवलं.