शेकडा वीस, पण कशावर?

केजच्या बाजारात रुद्रप्पाचं किराणा दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून होतं. माणूस इतका सरळ, की तागडीवर माशी बसली तर आधी ती उडवायचा अन् मग वजन करायचा. हिशोब बापाकडनं आलेला: शंभराला घ्यायचं, एकशे पाचला विकायचं. असल्या माणसानं कशाला सरकारी कामाची गुत्तेदारी करावी? पण दुष्काळ पडला, गिऱ्हाईक नुसतं उधारीवर जगायला लागलं, अन् हा मोहनरावांच्या नादी लागला.

मोहनराव मजूर सहकारी संस्थेचे चेअरमन. सरकार दुष्काळात बंधाऱ्यांची कामं काढायचं, काम संस्थेच्या नावावर यायचं अन् राबायचं रुद्रप्पासारख्यानं.

मोहनराव म्हणाले, "आप्पा, संस्थेचे शेकडा वीस. बाकी तुमचं तुमी बघा. दर सांगा, टेंडरात भरून टाकतो."

रुद्रप्पानं किराण्याचाच हिशोब लावला. "खर्च शंभर, संस्थेचे वीस, माझे पाच. एकशे पंचवीस भरा."

मी बाजूला घेऊन म्हणलं, "पाचच? गुत्तेदार हायस का गोसावी?"

"दुष्काळात लई खाऊ न्हाई," तो म्हणला.

दुकान गहाण टाकून त्यानं सिमेंट आणलं. काम मात्र नेक केलं. गावाला प्यायला पाणी न्हाई अन् हा पठ्ठ्या पाणी अडवायच्या भिंतीला टँकरनं पाणी पाजतोय. लोक हसायचे. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू.

बिल निघालं. मोहनरावांनी एकशे पंचवीसमागं पंचवीस कापले.

रुद्रप्पा म्हणला, "वीस ठरले होते."

"वीसच घेतले. शेकडा वीस, बिलावर. खर्चावर धरायला हे काय तुमचं गुळाचं दुकान हाय?"

"मग माझे पाच?"

"ते त्यातच गेले की."

हातात राहिले शंभर, घातले तेवढेच. पाच उरायला दर एकशे एकतीसच्या वर भरायला पाहिजे होता, हे त्याला मागाहून बोटं मोजून कळालं. वर गहाणाचं व्याज बसलं, त्यात दुकान गेलं. शेवटचं शटर त्याच्या बायकोनं, महादेवीनं ओढलं. मला मोहनरावांचा लई संताप आला. पण त्यांचे सदरे माझ्याकडंच शिवायला होते, म्हणून गप बसलो.

पुढं वरनं तपासणी लागली: मजूर संस्थेत मजूर किती? सभासद कोण, तर मोहनरावांचे भाऊ, मेहुणा अन् पेट्रोलपंपवाले अर्जुनराव. सगळ्यांचे तळहात लोण्यासारखे. मोहनराव जीप घेऊन थेट खडीच्या खाणीवर गेले. रुद्रप्पा तिथं पाट्या उचलत होता. दिवसाची मजुरी कबूल करून त्याला आणलं, सभासद करून घेतलं अन् साहेबापुढं उभा केला. साहेबानं त्याच्या हाताचे घट्टे बघितले, मान डोलवली अन् संस्था पास केली.

संध्याकाळी रुद्रप्पा मजुरी मागायला गेला. मोहनरावांनी तिच्यातनं सभासद फी कापून घेतली. हातावर काही उरलं न्हाई.