पंख्यातला झेंडू

सकाळपासून जुन्या कॉम्प्युटरशी झटापट चाललीय. बटण दाबलं की नुसता पीं-पीं करतो आणि गप्प बसतो. वायरी काढून लावल्या, रॅम खोडरबरने घासली, वैतागून एक थापही मारली. शेवटी आतल्या पंख्यात सापडल्या झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या! दर दसऱ्याला याला हळदकुंकू लावतो, फूल वाहतो. आतली धूळ मात्र कधी झटकली नाही.

"पूजा केली की आपल्याला वाटतं, झाली काळजी घेऊन!" मी करवादलो.

"आत्ता कळलं?" शेजारी बसलेली बायको गुडघा धरून उठली. "मलाही दर वाढदिवसाला गजरा आणता. डॉक्टरकडे न्या म्हणतेय, ते राहतंच."

पाकळ्या काढून पुन्हा बटण दाबलं. तीच पीं-पीं. मी स्क्रू तसेच टाकले आणि तिच्या चपला तिच्यापुढे आणून ठेवल्या.