राखून ठेवलेला धागा

तिचं नाव शामला. पण गोळीबार चौकामागच्या विणकरांच्या गल्ल्यांत, जिथं ‘का’ला ‘काहून’ म्हणतात, तिला सगळे काहूनबाई म्हणत, आणि त्यात तिचाच दोष होता. ताणा सकाळीच काहून ओढता, अमक्या घरी काळी किनार काहून चालत नाही, असलं विचारून तिनं म्हाताऱ्या विणकरांना भंडावून सोडलं होतं. उत्तर मिळालं की मान हलवायची आणि लगेच पुढचा प्रश्न. ती घरोघर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरून द्यायची. त्यामुळं वीसेक घरांतल्या मागापर्यंत तिला मुभा होती. ज्या घरी भाऊबंदांनाही माग दाखवत नसत, तिथं काहूनबाई आरामात बसून चहा प्यायची.

म्हणूनच १९७१ साली विणकर सोसायटीचे सचिव गोपाळराव यांनी किनारींच्या वहीचं काम तिच्यावर टाकलं. तोवर नत्थूजी या म्हाताऱ्या विणकराची किनार नत्थूजींच्याच मागावर निघायची. नत्थूजी आजारी पडले की किनारही आजारी. गोपाळरावांचं म्हणणं, कोणतीही किनार कोणत्याही मागावर निघाली पाहिजे. प्रत्येक किनारीला एक पान, त्यावर रंगारंगाचे धागे मोजून लिहायचे, खाली सांगणाऱ्याचं नाव. शेजारी कापडाची पट्टी चिकटवावी असं शामलाच्या फार मनात होतं, पण विकाऊ पातळ कापायला कोण देतो?

सातवी शिकलेल्या शामलानं वहीला एक नियम मात्र स्वतःचा लावला. खोडरबर चालायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. चूक कुठं झाली ते पुसून टाकलं तर तीच चूक पुन्हा होते, असं तिचं मत होतं.

पहिलं पान तिनं कुणालाही न विचारता लिहिलं. उमरेडला तिचे वडील रुपरावजी विणायचे ती किनार. वरच्या काठावर करवतीसारखे दात, खालचा काठ बारीक. लहानपणी कांड्या भरताना वडिलांनी तिला ती पाठ करून दिली होती: चार लाल, दोन काळे, सहा लाल. तिला ती अजून येत होती. दोन भावांच्या बरोबरीनं आपल्यालाही घरची किनार येते, याचा तिला मोठा अभिमान होता. खरं सांगायचं तर तेवढाच एक अभिमान तिच्याजवळ होता.

पुण्याच्या एका दुकानदारानं तिचं लग्नातलं, वडिलांनी याच किनारीचं विणलेलं पातळ पाहिलं आणि तश्शीच साठ मागितली. नमुना म्हणून ते पातळच तो घेऊन गेला. एवढी साठ पातळं एका मागावर कधी निघायची? बारा घरांत वाटून द्यायची ठरली, आणि वही पहिल्यांदा कामाला आली. कवडू नावाच्या तरुण विणकरानं पान वाचून हातभर कापड विणलं, गोपाळरावांनी ते पुण्याला पाठवलं. दहाव्या दिवशी ते चिठ्ठीसकट परत आलं. दातांची टोकं बोथट आहेत, पंधरा दिवसांत बरोबर नमुना आला नाही तर मागणी रद्द. बारा घरांचे माग त्या मागणीकडं डोळे लावून बसले होते.

"लिहितानी चुकल्या असाल, बाई," गोपाळराव म्हणाले. रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

शामला चुकली असेल तर कुठं, हे तिला बघायचंच होतं. तिचं पातळ तर पुण्यात होतं, म्हणून वहीतली बाकीची पानं तपासायला ती सुई घेऊन नत्थूजींच्या घरी गेली आणि मागावर चढलेल्या ताण्यातले, म्हणजे उभ्या सुतातले, किनारीचे धागे एकेक करून मोजले. वहीत एक कमी. दुसऱ्या घरी गेली, तिथंही एक कमी. सहा घरं झाली. आता तिची झोप उडाली. घाईत चुका होतात त्या कुठं दोनाच्या, कुठं पाचाच्या. सहा पानांवर नेमका एकच धागा कसा कमी पडतो?

ती परत नत्थूजींकडं आली. म्हातारा हसला.

"वं बाई, घराबाहेर किनार सांगतानी एक धागा ठेवूनच सांगतेत. सर्वायले माहीत आहे."

"मले कोणी सांगतलं नाही."

"पोरीले कोण सांगते? पोरगी दुसऱ्याच्या घरी जाते." आणि मग, तिचा चेहरा न पाहताच, त्यांनी भर घातली, "तुह्या बापाच्या किनारीत दाताच्या मधात एक धागा असन. रंग कोणता, ते रुपरावच जाणे."

शामलानं वही उघडली. तिच्या डोळ्यांसमोर वहीचं पहिलं पान होतं.

दुसऱ्या दिवशी ती छोट्या लायनीच्या, अरुंद रुळांवरच्या, उमरेडच्या गाडीत बसली. कुहीपर्यंत तिला राग आला होता, कुहीच्या पुढं नुसतं वाईट वाटत होतं. रुपरावजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. तिनं चहाही घेतला नाही. वही उघडून पान वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, मधातला धागा कोणत्या रंगाचा?"

धोटा थांबला.

"कोणी सांगतलं तुले?"

"तुम्ही नाही सांगतलं. मले वाटे का मले सारी येते. काहून असं केलं, बाबा?"

रुपरावजींनी मागाच्या फणीवरून बोट फिरवलं. "माह्या बापानं माह्या बहिणीले असंच सांगतलं होतं," ते म्हणाले. "रीत होती. मी काही विचार नाही केला." मग हळूच, "पिवळा. एकच. लिही."

तिनं जुन्या आकड्यावर रेघ मारली, वर नवा लिहिला, तारीख घातली. पाया पडली, वही फडक्यात बांधली आणि निघाली. गाडीला अजून वेळ होता, पण तिथं बसवेना. अंगण ओलांडून फाटकाशी पोचली, तेव्हा आतून हाक आली.

"शामे, थांब वं."

ती वळली. रुपरावजी खड्ड्यातून वर येऊन दाराच्या चौकटीला धरून उभे होते. 

"खालच्या काठातही एक आहे," ते म्हणाले. "काळा. आताही ठेवून घेतला होता."

शामला परत आली, उंबऱ्यावर बसली आणि फडक्याची गाठ सोडली. या वेळी तिनं काहून विचारलं नाही.