उघड्या पाठीचा रेडिओ

आधीच सांगून टाकतो, भूत-प्रेत, करणी-बाधा यातलं मी काही मानत नाही. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंही घराबाहेर गेली. त्यातून मी अमरावतीच्या एका हायस्कूलमध्ये लॅब असिस्टंट... पोरांना विजेचे प्रयोग दाखवणारा माणूस! तरी हे लिहून राहिलो, कारण एकसष्ट सालच्या त्या संध्याकाळी खोलीत आठ माणसं हजर होती. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

तर रेडिओ मी स्वतः बनवलेला होता. विकत घेतलेला नाही — बनवलेला! अकोल्याला रहीम मास्तरांचं रिपेअरिंगचं दुकान होतं. दीड वर्ष दर रविवारी बडनेऱ्याला गाडी बदलून मी तिथं जायचो. पत्रा मी कापला, कॉइल मी गुंडाळली, पाच व्हॉल्व्हचा सेट उभा केला. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बसारखी काचेची नळी, आतली तार तापली की ती काम करते. आमच्या मोहल्ल्यातला पहिला रेडिओ, तोही घरचा. गर्व होता मला आणि आजही आहे.

मास्तरांचा एक कायदा होता. बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय सेटची मागची फळी लावायची नाही. नुसतं चालून उपयोग नाही. "चालू झाला? अरे पण वजह काय? वजह नाही तं फळी नाही!" असं म्हणायचे आणि फळी स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसायचे. मेलेला पार्टसुद्धा फेकू द्यायचे नाहीत. त्याला चिठ्ठी चिकटवायची आणि काहून मेला ते लिहायचं.

माझ्या सेटचा शेवटचा, आवाज मोठा करणारा व्हॉल्व्ह मास्तरांनी त्यांच्याकडचा दिला होता. तो उन्हाळ्यात गेला. मास्तरांनी मीटर लावला, चिठ्ठीवर लिहिलं 'तार तुटली', आणि व्हॉल्व्हची पुडी माझ्या हातात ठेवली. महिन्याभरात मास्तरही गेले.

इकडे माझी बहीण शांता नागपूरला शिकत होती. तिचं पत्र आलं की रेडिओवर तिचं गाणं ठरलं, गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला, जात्यावरच्या ओव्या. त्या ओव्या आईच्याच. आईचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळं नागपूर नाही. मी म्हटलं, सवर्णांच्या आळीतल्या वकिलांकडे रेडिओ आहे, खाटेवर बसवून तिथवर नेतो. आई उसळली.

"त्याईच्या ओट्याखाली उभी राहून मी फोनोग्राफ आयकला, तवा मी लहान होती. आता माह्या पोरीले मी ओट्याखालून नाई आयकनार. तू रेडिओ बनवला म्हनतं ना गावभर? मंग वाजव."

आता बोला! मी नागपूरहून नवा व्हॉल्व्ह मागवला, बसवला... फटकन फ्यूज उडाला. फ्यूजला नवी तार घातली, पुन्हा उडाला. व्हॉल्व्ह काढला की बाकीचे चारही झकास पेटत, अर्थात आवाज नाही. म्हटलं व्हॉल्व्हच खराब. आमच्या सायन्स सरांच्या सेटमध्ये लावून पाहिला, तर तिथं खणखणीत वाजला! माझा सॉकेट बदलला. प्रत्येक जोड पुन्हा झाळला, एकेक पार्ट काढून तपासला. व्हॉल्व्ह चांगला, सेट चांगला, पण दोघांचं एकत्र जमेना. तीन दिवस जेवणावर लक्ष नाही.

गुरुवारी साडेसहाला शेजारपाजार येऊन बसला होता. मी शेवटचा प्रयत्न केला. फटक! कोणीतरी मागून म्हणालं, "सुखदेव, चाल न बापा वकिलाकडं, अजून वेळ आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईकडे पाहायची हिंमत नव्हती.

आई खाटेवरून म्हणाली, "मास्तरचा लावून पाह्य."

"आई, तो मेलेला आहे. तार तुटली त्याची."

"मंग? तुह्या जित्यानं तरी काय दिवे लावले? लाव म्हनलं ना."

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून लावला, खरं सांगतो. लावण्याआधी सवयीनं मीटरही लावला. काटा हलला नाही, म्हणजे तार तुटलेलीच. फ्यूजला नवी तार घालून बटण फिरवलं. फ्यूज उडाला नाही. चार व्हॉल्व्ह लालसर पेटले, मास्तरांचा तसाच काळा. आणि अर्ध्या मिनिटानं सेट खाकरला अन् बोलला!

निवेदिका सांगत होती, आता ऐका वऱ्हाडातल्या ओव्या, गायिका कुमारी शांता, आणि या ओव्या त्यांच्या आई भागीरथाबाई यांच्या. मग शांता गायली. आवाज इतका स्वच्छ की तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आईचे ओठ सोबत हलत होते.

मी सेटच्या मागं उकिडवा बसलेलो. हा व्हॉल्व्ह चालू असताना सगळ्यात जास्त तापतो, बोट लावलं तर फोड येतो. मी बोट लावलं. गार. मुठीत धरला तरी गार, माठाला हात लावावा तसा. आणि पोरगी गातच होती.

ओव्या संपल्या, निवेदिकेनं पुढचं काही सुरू केलं आणि सेट बंद पडला. चार व्हॉल्व्ह पेटलेलेच होते. मास्तरांचा काढून मीटर लावला. काटा ढिम्म. त्यानंतर शंभरदा लावून पाहिला, तो कधीच वाजला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, एकही जोड न हलवता, नवा व्हॉल्व्ह बसवला तर पहिल्या झटक्यात सुरू! पुढं कित्येक वर्षं वाजला.

त्या संध्याकाळी मात्र कोणाला याचं काही पडलं नव्हतं. आई खाटेवर ताठ बसली होती. "माहं नाव घेतलं वं रेडिओवाल्या बाईनं," ती शेजारणीला म्हणाली, "नागपूरहून घेतलं. माह्या पोरीनं घ्यायले लावलं अन् माह्या पोरानं आनलं." शेजारीण रडत होती, आई नाही. मी रडलो, लपवायचं काय त्यात.

पुढं एका इंजिनिअर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा मीटर बिघडला असेल. असेल बापा! पण मग माझी बोटंही बिघडली होती का? मास्तरांनी मदत केली असं मी म्हणणार नाही. माणूस गेला की गेला, हे मी आजही मानतो. पण मग काय झालं, तेही मला सांगता येत नाही.

चिठ्ठीवर मास्तरांच्या अक्षराखाली मी पेन्सिलनं लिहून ठेवलं आहे, 'गुरुवारी चालला.' पुढची जागा कोरी आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की इतका देखणा सेट, पाठ उघडी काहून ठेवली? फळी कपाटात आहे, चारही स्क्रू तिच्यासोबत बांधलेले आहेत. वजह सापडली की लावीन.